कुंपण न घातलेले गाव

दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यातल्या लॅक्स्टन या लहानशा खेड्यात बारा शेतकरी आणि त्यांचा एक म्होरक्या चिखल तुडवीत शिवारात उतरतात. हिवाळी गव्हाची पेरणी तेव्हा नुकतीच आटोपलेली असते. त्यांच्याबरोबर लाकडी खुंट्यांचा भारा आणि एक मोठा हातोडा असतो. कोणाचा नांगर शेजाऱ्याच्या पट्ट्यात शिरला आहे काय, सामाईक वाटेचा काठ कोणी नांगरून आपल्या रानात ओढला आहे काय, गवताच्या राखीव पट्टीवर कोणी आक्रमण केले आहे काय, हे ते पावलापावलाने तपासतात. हद्द पुसट झाली असेल तेथे नवी खुंटी ठोकतात आणि आगळीक करणाऱ्याचे नाव टिपून घेतात. आठवडाभराने गावातल्या ‘डव्हकोट इन’ या खाणावळीत ‘कोर्ट लीट’ नावाचे न्यायासन भरते. नावे वाचली जातात, दंड ठरतो, आणि पुढील वर्षाच्या पाहणीसाठी नव्या बारा पंचांना शपथ दिली जाते. दंडाची रक्कम नाममात्र असते. परंतु सबंध गावासमोर आपले नाव वाचले जाणे ही काही नाममात्र शिक्षा नव्हे.

हा देखावा प्रवाशांच्या करमणुकीसाठी मांडलेला नाही. मध्ययुगीन युरोपातील शेतीची जी पद्धत आज केवळ इतिहासाच्या पुस्तकांत उरली आहे, ती या एका गावात अद्याप चालू आहे आणि तिच्या व्यवस्थेसाठीच हे न्यायासन भरते. डेव्हन परगण्यातील ब्रॉन्टन येथे किंवा लिंकनशायरमधील अ‍ॅक्सहोम भागात जुन्या खुल्या शेतांचे अवशेष दिसतात, हे खरे. पण खुली शेते, ठरावीक फेरपालट आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारे गावचे न्यायासन या तिन्ही गोष्टी एकत्र नांदताना पाहायच्या असतील, तर लॅक्स्टनलाच जावे लागते. वारसा म्हटला की किल्ले, देवळे आणि वाडे एवढेच डोळ्यांसमोर येतात. लॅक्स्टनचा वारसा दगडाविटांचा नाही. तो एका नियमाचा आहे, आणि म्हणूनच तो टिकविणे अधिक कठीण आहे.

तीन शेतांचे गाव

रॉबिन हूडच्या कथांमुळे आपल्याकडील शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेल्या शेरवूडच्या अरण्यापासून लॅक्स्टन फार दूर नाही. १०८६ साली विल्यम राजाच्या आज्ञेने इंग्लंडची जी प्रसिद्ध मोजणी झाली, त्या ‘डूम्सडे’ दप्तरात या गावाची नोंद आहे. गावाच्या उत्तरेस एका जुन्या किल्ल्याची मातीची टेकडी आणि खंदक आहेत. सेंट मायकेलच्या चर्चमध्ये एव्हरिंगहॅम या जुन्या जमीनदार घराण्याच्या समाधी-प्रतिमा असून त्यांतील एक लाकडी आहे. परंतु जाणत्याचे लक्ष प्रथम वेधून घेतात ती गावातली शेतघरे. इंग्लंडमध्ये इतरत्र शेतकऱ्याचे घर बहुधा त्याच्या स्वतःच्या कुंपणबंद शेतात एकटे उभे असते. लॅक्स्टनची शेतघरे मात्र आपल्याकडील गावठाणाप्रमाणे गावच्या रस्त्यालगत दाटीने उभी आहेत. याचे कारण साधे आहे. शेतकऱ्याची जमीन एका जागी नसून शिवारभर विखुरलेली असेल, तर घर मध्यावर असणेच सोयीचे.

गावाभोवती वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशी तीन मोठी शेते आहेत. त्यांत आतल्या आत कुंपण नाही की झुडपांची रांग नाही. प्रत्येक शेत लांबट पट्ट्यांत विभागलेले असते आणि शेतकऱ्याच्या वाट्याला तिन्ही शेतांतले पट्टे येतात. एका वर्षी एका शेतात हिवाळी गहू असतो, दुसऱ्यात वसंतात पेरावयाचे बार्लीसारखे पीक असते आणि तिसरे पड किंवा चाऱ्याखाली असते. पुढील वर्षी हा क्रम एका घराने सरकतो. तीन वर्षांनी चक्र पूर्ण होते आणि भारी चिकणमातीच्या त्या जमिनीला विसावा मिळतो. नांगराला गैरसोयीच्या अशा ओल्या व उताराच्या पट्ट्यांना ‘साइक’ म्हणतात. तेथे गवत राखलेले असते. पूर्वी कापणी झाल्यावर आणि पडीच्या वर्षी सर्वांची जनावरे या शेतांत एकत्र चरत. मोकाट जनावरे कोंडण्यासाठी कोंडवाडा होता आणि त्यावर नेमलेला माणूसही होता.

या व्यवस्थेत कोणालाही आपल्या मनाप्रमाणे वागता येत नाही, हे उघड आहे. शेजाऱ्यांचा गहू उभा असताना एकाने आपला पट्टा पड ठेवून त्यावर मेंढ्या सोडल्या, तर सगळ्यांचेच नुकसान होईल. म्हणून काय पेरायचे, केव्हा कापायचे, जनावरे केव्हा सोडायची याचे निर्णय सामाईक असतात. जमीन कसणारा एकेकटा, पीक ज्याचे त्याचे, पण शिस्त मात्र सर्वांची, असे हे मिश्रण आहे. याला सामुदायिक शेती म्हणणे चूक ठरेल आणि निव्वळ खाजगी शेती म्हणणेही तितकेच चूक.

पट्टे विखुरलेले का?

एका शेतकऱ्याचे पट्टे इतके विखुरलेले का असावेत, या प्रश्नाने अर्थशास्त्रज्ञांना बराच काळ छळले आहे. एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जाण्यात वेळ मोडतो, हे शेतकऱ्याला कळत नव्हते असे मानणे धाडसाचे होईल. ऑक्सफर्ड येथील शेतीविषयक अर्थशास्त्राचे अभ्यासक सी. एस. ऑर्विन आणि त्यांच्या पत्नी यांनी १९३८ साली ‘द ओपन फील्ड्स’ हा ग्रंथ लिहिला. त्याचा मुख्य आधार लॅक्स्टनच होते. नांगरटीच्या रोजच्या व्यवहारातून ही रचना आपोआप घडली, असे त्यांनी दाखविण्याचा प्रयत्न केला. एका दिवसात जेवढे नांगरून होई तेवढा पट्टा, आणि लोकांनी मिळून जमीन लागवडीला आणताना प्रत्येकाला क्रमाने मिळालेला वाटा, असा त्यांच्या उपपत्तीचा आशय होता. पुढे १९७६ साली डीड्री मॅक्लॉस्की यांनी वेगळे उत्तर मांडले. त्यांच्या मते विखुरलेले पट्टे हा विम्याचाच एक प्रकार होता. अतिपावसाने सखल भागातले पीक कुजले तरी चढावरचे वाचेल आणि कोरड्या वर्षी याच्या उलट होईल. उत्पन्न सरासरीने थोडे घटले तरी चालेल, पण घरात उपासमार नको, हा हिशेब ज्याच्यापाशी बँक नाही आणि कोठारही नाही अशा माणसाने केला तर त्यात अडाणीपणा कसला? या दोन उपपत्तींपैकी कोणतीही अधिक ग्राह्य मानली, तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. आजच्या नजरेला गोंधळाची वाटणारी ही रचना तिच्या काळात समजूतदारपणाची होती.

कुंपणांची लाट

मग अशी गावे गेली कोठे? त्यांना कुंपणांनी गिळले. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश पार्लमेंटने जमिनींना कुंपण घालण्याचे पाच हजारांहून अधिक कायदे संमत केले आणि त्यांनी सुमारे अडुसष्ट लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या भूमीचा पाचवा हिस्सा, व्यापला. त्यांतील बहुतेक कायदे १७५० नंतरचे आहेत. याखेरीज जमीनदारांनी आपसांत ठरवून घातलेली कुंपणे वेगळीच. विखुरलेले पट्टे एकत्र करून सलग जमिनी वाटल्या गेल्या आणि गायरानावरचे सामाईक हक्क संपुष्टात आले. ज्याच्यापाशी जमीन होती त्याला जमिनीचा तुकडा मिळाला. ज्याच्यापाशी केवळ एक गाय आणि ती चारण्याची वहिवाट होती, त्याच्या हाती बहुधा काहीच लागले नाही. नॉर्थॅम्प्टनशायरमधील हेल्पस्टन गावचा शेतमजूर कवी जॉन क्लेअर याने ही घालमेल स्वतः अनुभवली आणि तिला काव्यात वाचा दिली.

कुंपणांमुळे उत्पादन वाढले, हा युक्तिवाद दीर्घकाळ निर्विवाद मानला जात असे. तो सर्वस्वी खोटा नाही. नवी पिके, पाण्याचा निचरा, जनावरांची निवडक पैदास या गोष्टी सलग जमिनीवर सोप्या जातात. परंतु रॉबर्ट अ‍ॅलन यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले की, इंग्लंडमधील धान्याच्या दरएकरी उताऱ्यातील वाढीचा मोठा भाग पार्लमेंटच्या कुंपण-कायद्यांपूर्वीच लहान शेतकऱ्यांनी साधला होता. खुल्या शेतांतही सुधारणा होत होती. कुंपणांमुळे झालेल्या फायद्याचा बराचसा भाग वाढीव खंडाच्या रूपाने जमीनदाराकडे गेला. म्हणजे प्रश्न केवळ पीक किती आले याचा नव्हता, ते कोणाच्या पदरात पडले याचाही होता.

लॅक्स्टन या लाटेतून वाचले ते कोणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथेही काही जमिनीला कुंपण पडलेच. पण गावाची मालकी एकाच हाती नव्हती. मोठ्या जमीनदारांचे परस्परांशी जमेना, आणि पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेतमालाचे भाव कोसळल्यावर कुंपणांवर खर्च करण्याचा उत्साहच कोणाला उरला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पट्ट्यांची फेरवाटणी होऊन त्यांची संख्या कमी झाली आणि आकार वाढला. आज खुल्या शेतांचे क्षेत्र पाचशे एकरांच्या आसपास आहे. तेव्हा मध्ययुग येथे जसेच्या तसे गोठून राहिले आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. ट्रॅक्टर वळविता येईल इतपत व्यवस्था बदलली, आणि बदलली म्हणूनच राहिली.

गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत

या गावाचा आणि आपल्या किनाऱ्याचा एक दुवा फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. लॅक्स्टनची सर्वांत मौल्यवान ठेव म्हणजे १६३५ साली मार्क पिअर्स या मोजणीदाराने तयार केलेला गावाचा नकाशा आणि त्याबरोबरची जमिनींची नोंदवही. प्रत्येक पट्टा, त्याचा धारक आणि त्याचे क्षेत्र यांची त्यात नोंद आहे. नकाशावर नांगर धरलेली, कापणी करणारी, शिकारीला निघालेली माणसे चितारलेली आहेत. हा नकाशा आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. ही मोजणी ज्याच्यासाठी झाली तो सर विल्यम कोर्टीन हा लंडनचा धनाढ्य व्यापारी होता, आणि लॅक्स्टन त्याने विकत घेतले होते. त्याच १६३५ सालच्या अखेरीस त्याच्या मंडळीला चार्ल्स राजाकडून पूर्वेकडील व्यापाराचा परवाना मिळाला. तो अर्थात ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीला शह देणारा होता. कॅप्टन वेडेलच्या नेतृत्वाखाली या मंडळीची गलबते १६३६ साली गोव्यास पोहोचली आणि पुढे कारवारला तिची वखारही उभी राहिली. कोर्टीन स्वतः मात्र १६३६ मध्येच मरण पावला होता. गावातल्या पट्ट्यांची इंचाइंचाने मोजणी करविणारे भांडवल आणि कोकणच्या किनाऱ्यावर मिरी शोधणारे भांडवल एकच होते. जमीन ही केवळ पोट भरण्याची वस्तू न राहता हिशेबाची आणि खरेदी-विक्रीची वस्तू होत चालल्याची ही खूण आहे.

दुसरा दुवा विचारांचा आहे. व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेमंत्री म्हणून सात वर्षे हिंदुस्थानात काढलेल्या सर हेन्री मेन यांनी १८७१ साली पूर्वेकडील व पश्चिमेकडील ग्रामसंस्थांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडमधील खुल्या शेतांच्या खुणा आणि हिंदुस्थानातील गावगाडा यांचे मूळ एकाच प्राचीन ग्रामसंस्थेत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे बेडन-पॉवेल यांनी १८९६ साली त्यावर आक्षेप घेतला. दख्खनसारख्या रयतवारी प्रदेशात जमीन सामाईक मालकीची नव्हती, ती ज्याची त्याची होती, याकडे त्यांनी लक्ष वेधले. मेन यांची उपपत्ती आज जशीच्या तशी कोणी स्वीकारीत नाही. पण शिव, गायरान, वहिवाट, कोंडवाडा हे शब्द ज्यांच्या कानांवरून लहानपणी गेले आहेत, त्यांना लॅक्स्टन परके वाटत नाही, हे मात्र खरे.

शोकांतिका अटळ नाही

१९६८ साली गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने ‘सामाईकाची शोकांतिका’ या अर्थाच्या शीर्षकाचा एक लेख ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिला. कुरण सर्वांचे असेल तर प्रत्येक गुराखी आपले एक जनावर अधिक सोडील, लाभ त्याचा एकट्याचा आणि हानी सर्वांची, आणि अखेरीस कुरणच नष्ट होईल, असा तो विचार होता. सामाईक मालमत्ता एक तर खाजगी करा, नाही तर सरकारच्या ताब्यात द्या, असा निष्कर्ष जगभरच्या धोरणकर्त्यांनी त्यातून काढला. हार्डिनच्या कुरणात एकच वस्तू नव्हती. ती म्हणजे लॅक्स्टनचे बारा पंच. आपण ‘व्यवस्थापन नसलेल्या’ सामाईकाविषयी बोलत होतो, असे हार्डिन यांनीही १९९८ मध्ये मान्य केले. त्यापूर्वी १९९० साली एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी ठिकठिकाणच्या कुरणांचा, जंगलांचा व पाटपाण्याचा अभ्यास करून टिकाऊ सामाईक व्यवस्थांची लक्षणे सांगितली होती. हक्कदार कोण हे निश्चित असावे, नियम स्थानिक परिस्थितीला धरून असावेत, देखरेख करणारे हक्कदारांपैकीच असावेत, शिक्षा प्रथम सौम्य असावी आणि तंटा जागच्या जागी व स्वस्तात मिटावा, ही त्यांतील प्रमुख होत. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांची ही यादी वाचताना नोव्हेंबरच्या चिखलातली ती फेरी आणि डव्हकोट खाणावळीतला तो नाममात्र दंड आठवल्यावाचून राहत नाही.

अशा न्यायासनाला आजच्या कायद्यात स्थान काय? १९७७ साली ब्रिटनने न्यायव्यवस्थेतील जुन्या अडगळीची साफसफाई करताना असल्या ग्राम-न्यायासनांचे अधिकार रद्द केले. लॅक्स्टनचा मात्र अपवाद करण्यात आला, कारण तेथील न्यायासन शोभेचे नसून कामाचे होते. जुने आहे म्हणून नव्हे, उपयोगाचे आहे म्हणून ते राखले गेले. वारशाकडे पाहण्याची ही दृष्टी लक्षात घेण्याजोगी आहे.

किंमत कोणी मोजायची?

तथापि या कथेचा शेवट निश्चिंतीचा नाही. १९५२ साली तत्कालीन अर्ल मॅन्व्हर्स यांनी गाव विकावयास काढले तेव्हा ही पद्धत जपली जावी म्हणून ब्रिटनच्या कृषिखात्याने ते घेतले. १९८१ साली ते राजसत्तेच्या मालमत्तांचा कारभार पाहणाऱ्या ‘क्राउन इस्टेट’कडे गेले. २०१८ मध्ये या संस्थेनेही गाव विकण्याचा इरादा जाहीर केला आणि गावकऱ्यांच्या पोटात गोळा उठला. अखेर २०२० साली थोर्सबी इस्टेटने ते घेतले. मॅन्व्हर्स घराण्याचे वास्तव्य थोर्सबीचेच, तेव्हा एका अर्थी गाव जुन्या घरी परतले. खरेदीदार दुसरा कोणी असता तर? केवळ एका विक्रीखताने कित्येक शतकांची वहिवाट मोडली असती.

खरा भार मात्र मालकावर नसून कुळांवर आहे. तीन शेतांतले पट्टे सांभाळीत, दुसऱ्यांनी ठरविलेल्या क्रमाने पीक घेत आजच्या बाजारात टिकायचे, हे सोपे नाही. शेजारच्या गावातला शेतकरी सलग शेतात मोठे यंत्र फिरवितो आणि भाव पाहून पीक बदलतो. लॅक्स्टनच्या शेतकऱ्याला खुल्या शेतांपुरते तरी ते स्वातंत्र्य नाही. म्हणजे वारशाचा आनंद घेणार सारे जग आणि त्याची किंमत मोजणार मूठभर कुटुंबे, अशी ही विषम वाटणी आहे. सार्वजनिक हिताच्या वस्तूचे मोल बाजार देत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकविले जाते. युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर इंग्लंडने एकरामागे मिळणारे जुने अनुदान २०२१ पासून टप्प्याटप्प्याने कमी करण्यास आरंभ केला आणि सार्वजनिक हिताच्या कामांसाठीच शेतकऱ्याला पैसे द्यावेत, असे धोरण स्वीकारले. सार्वजनिक हिताची व्याख्या पाणी, माती आणि पाखरे यांच्यापाशी थांबणार, की पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या एका नियमालाही तीत जागा मिळणार, यावर लॅक्स्टनचे भवितव्य बऱ्याच अंशी अवलंबून राहील.

पडका बुरूज कुलूप लावून जपता येतो. शेतीची रीत तशी जपता येत नाही. ती दर वर्षी नव्याने करावी लागते, आणि ती करणाऱ्या माणसाचे घर त्या शेतावर चालावे लागते. ते चालेनासे झाले तर नकाशा ऑक्सफर्डमध्ये सुरक्षित राहील, समाध्या चर्चमध्ये राहतील, खाणावळही उघडी राहील. फक्त नोव्हेंबरअखेरीस खुंट्यांचा भारा घेऊन शिवारात उतरणारे ते बारा जण दिसणार नाहीत. आणि खुंटी नेमकी कोठे ठोकायची, हे त्यांच्यामागून सांगणारे कोणी उरणार नाही.